अंगी लागलेला उजेड

बत्तीकाकांनी उभे आयुष्य अंधारात बसून काढले, आणि त्यांचे काम मात्र उजेडाचे होते. शहरातील मोठ्या नाट्यगृहात, प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेच्याही मागे, जिना चढून गेल्यावर एक अरुंद खोली होती. तिला एकच खिडकी होती आणि ती रंगमंचाकडे उघडत असे. त्या खिडकीशी बसून काका दिव्यांच्या दांड्या वरखाली सरकवीत. राजाला राग आला की तांबडा उजेड, रात्र झाली की निळा, आणि बागेचा प्रवेश आला की हिरवा. टाळ्या नटांना मिळत. काकांच्या वाट्याला प्रेक्षकांची डोकी येत. कोणाला टक्कल पडू लागले आहे, हे त्या माणसाच्या बायकोच्या आधी काकांना कळत असे.

बागेच्या प्रवेशाचा त्यांना विशेष अभिमान होता. मागे टांगलेला पडदा जुना होता आणि त्यावरच्या झाडांचा रंग उडालेला होता. परंतु काकांनी हिरव्याची दांडी हलक्या हाताने वर नेली की ती झाडे नुकतीच न्हाऊन आल्यासारखी दिसत. एकदा खेळ संपल्यावर एक गृहस्थ रंगमंचावर चढले आणि त्यांनी पडद्यावरचे पान बोटाने चाचपून पाहिले. ही हकीकत काकांनी घरी इतक्या वेळा सांगितली होती की काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाजी निवडता निवडता पुढचे वाक्य आधीच बोलून टाकीत.

"आणि त्याच्या बोटाला रंग लागला," काकू म्हणत.

"तुला कसं कळलं?"

"गेल्या आठवड्यात एका माणसाने सांगितलं. त्याच्या आधीच्या आठवड्यातही तोच आला होता."

पुढे नाट्यगृहात नवे दिवे आले. ते संगणकावर चालत, आणि काकांचे डोळे व संगणक यांचे काही जमले नाही. निरोपाच्या दिवशी व्यवस्थापकांनी, आठवण म्हणून काय हवे, असे विचारले. काकांनी अडगळीत काढलेले काही रंगीत दिवे आणि दांड्यांची एक छोटी पेटी मागितली. प्रत्येक दिव्यात तांबडे, हिरवे आणि निळे असे बारीक दाणे होते, आणि पेटीवर प्रत्येक रंगाची वेगळी दांडी होती. जो रंग हवा तेवढाच लावता येई. दिवे घरी आले आणि पलंगाखाली गेले.

"इतकी वर्षं परक्या बायकांवर उजेड पाडलात," काकू म्हणाल्या. "आता घरात पाडा."

"तुझ्यावर पाडला तर डोळे मिटून घेशील."

"मिटीन. माझे दोष झाकायला अंधार बरा आहे."

आता सुनेविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची गोष्ट तिच्यामुळे घडली. काकांचा मुलगा मालट्रकवर चालक असल्याने बहुधा घराबाहेर असे. सून पूर्वी एका कारखान्यात खोकी भरण्याच्या कामावर होती. तेथे दिवसभर उभे राहून तिचे पाय सुजत, आणि घरी आल्यावर ती कोणाशी बोलत नसे. एका वर्षी तिने हौसेने गच्चीवर फुलांचे बी पेरले. रोपे इतकी चांगली निघाली की शहराच्या सार्वजनिक बागेने ती घेतली. तेव्हा तिने कारखाना सोडला. ती प्रत्येक हंगामात बागेला झेंडूची रोपे देऊ लागली, आणि घरात तिचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. काकू म्हणत की या घरात सर्वांत आधी जर कोणते फूल उमलले असेल तर ते हेच.

परंतु शेजारी एक इमारत उठली. मजल्यावर मजला चढत गेला आणि गच्चीवरचे ऊन एका कडेने मागे सरकत सरकत एके दिवशी कठडा ओलांडून निघून गेले. त्या हंगामाची रोपे लुकडी निघाली. बागेच्या अधीक्षक बाईंनी ती कशीबशी स्वीकारली. त्या वाईट नव्हत्या, पण बोलण्यात स्पष्ट होत्या. पुढच्या वेळी अशी रोपे घेता येणार नाहीत, असे त्यांनी सांगितले.

त्या दिवशी जेवताना सून म्हणाली, "या वेळची रोपं त्यांनी घेतली नाहीत, तर मी पुन्हा कारखान्यात जाईन. विचारून आले आहे. जागा आहे म्हणाले."

काकांनी घास खाली ठेवला, हात धुतला आणि ते पलंगाखाली वाकले.

घराच्या तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली होती, जिला ऊन कधी ठाऊकच नव्हते. तेथे सुनेने रोपांचे ट्रे मांडले आणि काकांनी छताला दिवे टांगले. कोणता रंग लावायचा, याविषयी त्यांना क्षणभरही शंका आली नाही.

"बाबा, हिरवाच का?" सुनेने विचारले.

"अगं, झाडाला हिरवा. यात विचारायचं काय? मी आयुष्यभर झाडं उजळली आहेत."

सुनेने मान डोलावली. उजेडाच्या बाबतीत त्या घरात काकांचा शब्द शेवटचा होता.

कोंब वर आले आणि खोलीची शोभा पाहण्यासारखी झाली. हिरव्या उजेडात प्रत्येक कोवळे पान पाचूसारखे चमकत असे. ही वार्ता गल्लीत पसरली. समोर टेबल मांडून कपड्यांना इस्त्री करणारा इस्त्रीवाला, जो कशालाही चांगले म्हणत नसे, तोसुद्धा दारात उभा राहून म्हणाला, "काका, नाटकवाल्यांनी तुम्हाला घालवलं, त्यांचं नुकसान झालं." काका दिवसातून अनेक वेळा दारात जाऊन उभे राहत. बागेच्या प्रवेशाला एवढी दाद नाट्यगृहातही मिळाली नव्हती.

एके दुपारी वीज गेली. सून पाणी घालण्यासाठी एक ट्रे उचलून पुढच्या दारात, दिवसाच्या उजेडात, घेऊन आली आणि तेथेच थांबली.

"बाबा," तिने हाक मारली. "जरा इकडे येता?"

काका आले. ट्रेमध्ये पाचू नव्हते. पिवळट, दोऱ्यासारखी लांब आणि आडवी पडलेली रोपे होती. पाने पोपटीसुद्धा म्हणता आली नसती. ज्या उजेडाने त्यांना उपाशी ठेवले होते, त्याच उजेडाने त्यांचे उपाशीपण झाकूनही ठेवले होते.

"ही उभी राहणार नाहीत," सून म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच काकांना सोसवले नाही.

"माझ्यामुळे झालं."

"माझ्यामुळेही झालं. मी माती रोज बोटाने बघते, पानं बघितली नाहीत. छान दिसत होती ना."

इस्त्रीवाल्याने समोरून विचारले, "काय झालं, नाटक पडलं का?" त्याचे उत्तर काकूंनी दिले, "तुम्ही तुमच्या विजारी जाळू नका, आमचं आम्ही बघतो."

वीज आल्यावर काका दिवे उतरवण्यासाठी मागच्या खोलीत गेले. नाट्यगृहाचा एक नियम त्यांच्या हाडीमाशी भिनलेला होता. दिवा पेटीत घालण्यापूर्वी त्याचा प्रत्येक रंग एकदा लावून पाहायचा. त्यांनी हिरव्याची दांडी खाली ओढली आणि तांबड्याची वर नेली. उरलेल्या ट्रेमधली जी काही पाने अजून हिरवी होती, ती त्याच क्षणी काळी दिसू लागली.

काका स्टुलावर बसले. त्यांना नाट्यगृहातला शिंपी आठवला. फार वर्षांपूर्वी त्याने नायिकेसाठी हिरवा पोशाख शिवला होता. भांडणाच्या प्रवेशात काकांनी तांबडा उजेड सोडला आणि तो पोशाख कोळशासारखा काळा दिसला. शिंपी जिना चढून भांडायला आला. "माझं हिरवं कापड तुझ्या दिव्याने खाल्लं," तो म्हणाला. काकांनी त्याला शांतपणे समजावले होते की दिवा कापड खात नाही, कापड दिव्याला खाते. हिरव्या कापडाला तांबडा उजेड मिळाला की ते तो गिळून बसते, काही परत करीत नाही, म्हणून काळे दिसते. हिरवा उजेड मिळाला की तो परत फेकते, म्हणून खुलते.

जे ज्ञान काकांनी शिंप्याला दिले होते, ते स्वतःच्या घरात आणायला त्यांना एवढा वेळ लागला होता.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. सून भांडी लावीत होती. काकू तिच्याशी मुद्दाम भलतेसलते बोलत होत्या, म्हणजे कारखान्याचा विषय निघू नये.

"पाहुण्याला वाढलं आणि त्याने ताट जसंच्या तसं परत पाठवलं, तर तो जेवला म्हणायचं का?" काकांनी विचारले.

"कोण पाहुणा?" काकूंनी भुवया उंचावल्या.

"झाडं. मी हिरवं वाढत होतो आणि ती परत पाठवत होती. जे परत आलं तेच आपण बघत होतो आणि वा वा म्हणत होतो. जे आत राहतं ते दिसत नाही, पण अंगी तेच लागतं." त्यांनी सुनेकडे वळून सांगितले, "त्यांना तांबडं हवंय. काळी दिसतील. दिसू दे."

सुनेने हातातली वाटी खाली ठेवली. नंतर तिने जे विचारले, त्यावरून तिची योग्यता कळते.

"आणि निळं? तेही ठेवून घेतात की परत पाठवतात?"

काकांनी निळा लावून पाहिला. पाने त्यातही काळपट दिसली.

"मग एकदम सगळं पेरायला नको," सून म्हणाली. "बी आहे, पण एवढंच आहे. आधी थोडं थोडं पेरू. एका ट्रेला तांबडा, एकाला निळा, एकाला दोन्ही. मधे पुठ्ठे लावू. या वेळी तुम्ही उजेड बघा, पानं मी बघते. आणि रोज दारात आणून बघते."

बी विकणाऱ्याकडे जाऊन तिने चौकशीही केली. तो म्हणाला की मोठमोठ्या काचघरांमध्ये तांबडे आणि निळे दिवे एकत्र लावतात. हिरवा उजेड अगदीच वाया जातो असे नाही, पानांना त्यातलाही काही चालतो, परंतु नुसत्या हिरव्यावर रोप धष्टपुष्ट होणे अवघड.

"मग आम्ही दिवे लावतोय असं सांगून मी बी घेऊन गेले, तेव्हा का नाही सांगितलंत?" सुनेने विचारले.

"तुम्ही रंग कुठे सांगितला होता?" तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पुठ्ठ्यांनी खोलीचे तीन कप्पे झाले. काकांनी दिवे पूर्वीपेक्षा पुष्कळ खाली आणले. नाटकात उजेड लांबून टाकावा लागतो, कारण दिवा दिसता कामा नये. येथे तशी लाज बाळगण्याचे कारण नव्हते. रात्री निजताना सर्व दिवे बंद होत, कारण काकूंचे म्हणणे होते की जे जिवंत आहे त्याला झोप हवी, आणि या बाबतीत सुनेचा त्यांना दुजोरा होता.

तांबड्या कप्प्यातली रोपे भराभर उंच झाली. काका हरखले. सुनेने एक ट्रे दारात आणला, रोपांवरून तळहात फिरवला आणि मान हलवली.

"उंची आहे, बाबा, कंबर नाही. वारा आला की लोळतील."

"आणि निळी?"

निळ्या कप्प्यातली रोपे बुटकी होती, पण देठ जाड आणि पाने गडद होती. हळूहळू वाढत होती. "ही पैलवानाची मुलं," सून म्हणाली. "दमदार आहेत, पण बागेला वेळेवर पोचायची नाहीत."

तिसऱ्या कप्प्यात तांबडा बराच आणि निळा बेताचा होता. तेथील रोपांनी तांबड्याकडून वाढ घेतली आणि निळ्याकडून आवर घेतला. सुनेने त्यांच्यावरून तळहात फिरवला. रोपे वाकली आणि हात उचलताच पुन्हा ताठ उभी राहिली. तिने हात पुन्हा फिरवला, आणि तिसऱ्यांदाही फिरवला. त्याची आता गरज नव्हती.

"उरलेलं बी आणा," ती म्हणाली.

मग सगळ्या खोलीत जांभळट गुलाबी उजेड पसरला आणि गल्लीत चर्चेला ऊत आला. संध्याकाळी पुढच्या दाराखालच्या फटीतून तो उजेड रस्त्यावर येई. इस्त्रीवाल्याला कपड्यांचे रंग ओळखता येईनासे झाले, अशी त्याची तक्रार होती.

"काका, आत काय आहे? लग्न आहे की भूत?"

"झेंडू आहे."

"मी डोकावलो होतो. झेंडू नाही, कोळसा आहे. काळी रोपं कुणी घेतं का? आधीचा हिरवा किती छान होता."

"छान होता," काका म्हणाले. "म्हणूनच फसलो."

अधीक्षक बाई येण्याचा दिवस उजाडला. सुनेने सकाळपासून ट्रे सरळ केले आणि मग सरळ केलेले पुन्हा सरळ केले. कारखान्यातून निरोप आला होता की येणार असाल तर उद्यापासून या. तो निरोप तिने कोणालाही सांगितला नव्हता, पण काकूंना ठाऊक होता, कारण घरात काकूंना ठाऊक नाही असे काही नसे.

बाई आल्या आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्यातच थबकल्या. त्यांचा पांढरा सदरा गुलाबी झाला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"हे काय आहे? रोपं काळी का दिसतात? करपली आहेत का?"

सुनेने काकांकडे पाहिले.

काका पेटीशी उभे होते. त्यांचे बोट हिरव्याच्या दांडीवर होते. बाकीच्या दोन खाली ओढून ती बोटभर वर नेली असती, तर सगळी खोली क्षणात पाचूसारखी उजळली असती. त्या एका हालचालीने त्यांनी आयुष्यभर टाळ्या मिळवल्या होत्या. परंतु याच दांडीने त्यांना आणि सुनेला फसवले होते. आपण ज्या उजेडात फसलो, त्याच उजेडात दुसऱ्याला माल दाखवावा, हे त्यांना पटले नाही. त्यांनी बोट काढून घेतले आणि सर्व दांड्या खाली ओढल्या. खोलीत अंधार झाला.

"बाई, दिव्यात बघू नका," काका म्हणाले. "दिवा माझा आहे, मी त्यात काहीही दाखवू शकतो. रोपं बाहेर बघा."

काका, काकू आणि सून ट्रे उचलून गल्लीत आणू लागले. ते ठेवायला जागा पुरेना. इस्त्रीवाल्याने हे पाहिले, आणि कोणी काही सांगण्याआधी आपल्या टेबलावरच्या घड्या उचलून खांद्यावर टाकल्या.

"इथे ठेवा," तो म्हणाला. "इस्त्री गार आहे."

दिवसाच्या स्वच्छ उजेडात ट्रे एकाशेजारी एक मांडले गेले. काळी दिसणारी ती रोपे बाहेर येताच गडद हिरवी झाली. देठ आखूड व जाड होते, पाने एकमेकांना खेटून होती, आणि एकाही रोपाने मान टाकलेली नव्हती. इस्त्रीवाला टेबलावर वाकला, मागे झाला आणि पुन्हा वाकला.

"हीच का ती?" त्याने हळूच विचारले.

अधीक्षक बाई जाणत्या होत्या. त्यांनी स्तुती करण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी रोपांवरून हात फिरवला. नंतर एक रोप मुळासकट अलगद बाहेर काढले आणि उलटे धरले. मुळांनी माती चारही बाजूंनी पांढऱ्या जाळीसारखी आवळून धरली होती. त्यांनी रोप परत जागेवर बसवले, बोटाने माती दाबली आणि दुसऱ्या टोकाच्या ट्रेमधले आणखी एक काढले. गल्लीतली माणसे आपापल्या दारांत उभी राहिली होती.

"गच्चीवर ऊन होतं तेव्हाही तुम्ही इतकी चांगली दिली नव्हती," बाई म्हणाल्या. "सगळी घेते. उद्या गाडी पाठवते. पुढच्या हंगामाचीही पेरणी धरा. मुख्य दरवाजासमोरचा वाफा तुमच्याच रोपांचा ठेवीन."

सुनेने "बरं" एवढेच म्हटले. ती टेबलाच्या कडेला टेकून उभी राहिली आणि मग हसू लागली, आणि ते हसू तिला आवरेना.

"हे दिवे कोणी लावले?" बाईंनी विचारले.

"आमच्या बाबांनी. नाट्यगृहात दिवे बघायचे ते."

"तुम्ही?" बाई काकांकडे वळल्या. "तुमच्या बागेचा प्रवेश मी पाहिला आहे. लहानपणी, वडिलांबरोबर. त्यांनी वर जाऊन पडद्याला हात लावला होता."

काकांच्या आधी काकूंनीच विचारले.

"त्यांच्या बोटाला रंग लागला का हो?"

"हिरवा," बाई म्हणाल्या. "घरी येईपर्यंत पुसू दिला नाही त्यांनी."

काकूंनी पतीकडे पाहिले. त्या दिवसापासून ती हकीकत त्यांनी मध्येच तोडली नाही.

दुसऱ्या दिवशी बागेची गाडी आली आणि रोपे गेली. सुनेने कारखान्याला निरोप पाठवला की जागा दुसऱ्या कोणाला द्यावी. मग तिने मागची खोली झाडली, ट्रे धुतले आणि नवे बी भिजत घातले. मुलगा फेरीवरून परतला तेव्हा त्याला घराचे दार गुलाबी दिसले. आपण चुकीच्या गल्लीत आलो असे वाटून तो ट्रकसह एक फेरी मारून आला.

झेंडू फुलल्यावर तिघेजण बागेत गेले. मुख्य दरवाजासमोरचा वाफा भरगच्च होता, आणि पानांच्या हिरव्यावर केशरी फुले दाटली होती. काका कडेला उभे राहिले. त्यांच्या हाताशी दांडी नव्हती, आणि प्रथमच ती नसल्याचे त्यांना काही वाटले नाही. वर ऊन होते आणि ते आपले काम जाणत होते.

"हिरवं जरा जास्त दिसतंय का हो?" काकूंनी चिडवले. "कमी करायला सांगू का कुणाला?"

"नको," काका म्हणाले. "ते परत केलेलं आहे. बाकीचं जेवून झालं."

सून वाफ्याशी बसली होती. तिने फुलांवरून एकदा तळहात फिरवला. झाडे वाकली आणि पुन्हा ताठ उभी राहिली.